गव्याचं मोडकं शिंग

बाळांनो, एका जंगलात पाणी कमी आणि सत्कार फार होते.

तिथे एक गवा शास्त्रज्ञ होता. शिंगानं जमीन ठोकून तो पाणी कुठे लागेल ते सांगे. ठोकता ठोकता त्याचं डावं शिंग मोडलं, पण जंगल तहानेनं मरायचं वाचलं.

भिवा सरड्यानं त्याचं झकास चित्र काढलं. चित्रात रंग भरण्याच्या नादात स्वतःचा रंग बदलायचा राहिला, आणि घारीनं भिवाला उचललं.

मागे उरलं ते चित्र. आणि धाकटा भाऊ गेनू.

दरबारानं गव्याचा सत्कार ठरवला, तेव्हा सुतारपक्ष्यानं ते चित्र पाहून लाकडात कोरलं. शाई लावून पळसाच्या हजार पानांवर ठसे उमटवले. खाली लिहिलं, 'कोरीवकाम : सुतारबुवा'.

गेनू तडक दरबारातल्या मुंगसाकडे गेला.

"साहेब, दादाचं नाव कुठंय?"

"कोण दादा?"

"चित्र त्यानं काढलं! जीव गेला त्याचा!"

"वाईट झालं हो. पण पानावर जागा नाही."

सत्काराच्या दिवशी गवा मंडपाशी आला. मुंगसानं त्याला अडवलं.

"चित्रात उजवं शिंग मोडलंय. तुमचं डावं. तोतये दिसता!"

"अहो, ठसा उलटा उमटतो," गवा म्हणाला. "कोरतानाच उलटं कोरायला हवं होतं."

"मी समोर होतं तस्संच कोरलं," सुतारबुवा फुरंगटले. त्यांना नुकतंच पदक मिळालं होतं.

"मग चूक चित्रकाराची," मुंगूस म्हणाला. "तसं प्रत्येक पानावर छापावं लागेल. नाव काय त्याचं?"

"छापायला आता जागा आहे का?" गेनूनं विचारलं.

"चुकीला जागा करावीच लागते."

गवा खवळला. "भिवानं अगदी बरोबर काढलं होतं! गेन्या, बोल की लेका!"

गेनूनं एकदा गव्याकडे पाहिलं, एकदा त्या हजार पानांकडे.

"भिवा सरडा," तो ओरडला. "लिहा! मोठ्या अक्षरांत लिहा!"

संध्याकाळपर्यंत हजार पानांवर छापून झालं, 'चूक : भिवा सरडा'.

गेनूनं त्यातलं एक पान मागून घेतलं. घरी नेलं. 'चूक' तेवढं कुरतडून खाल्लं आणि उरलेलं भिंतीला लावलं.

तात्पर्य : चांगल्या कामाखाली आपलं नाव यावं असं वाटत असेल, तर त्यात चूक निघेपर्यंत धीर धरावा. मग दरबार स्वतः नाव विचारत येतो.