आरेच्या उतारावर काशीराम धुरी

"सायकल चालवायला काय डोकं लागतं?" असं काशीराम धुरी भर कॅन्टीनमध्ये म्हणाला आणि तिथेच त्याची वाट लागली!

काशीराम मरोळच्या एका पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. वय बेचाळीस, मिशी झुपकेदार, आवाज खणखणीत. सायकलवर तो उभ्या आयुष्यात बसला नव्हता, पण तसं कुणी विचारलंच नव्हतं, मग सांगणार कशाला? त्र्याऐंशी सालच्या जानेवारीत कारखान्यात विलायतेहून नवं मशीन आलं आणि ते बसवायला विल्कॉक्स साहेब आला. साहेब ताडासारखा उंच, बिटासारखा लाल आणि सायकलवेडा! आल्या आठवड्यातच त्याने अंधेरीच्या बाजारातून काळी देशी सायकल विकत घेतली.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने कॅन्टीनच्या टेबलावर फोटो पसरले. त्याच्या गावाकडचे हिरवे डोंगर, डोंगरांतून वळसे घेत गेलेल्या खडीच्या वाटा, दगडी कुंपणं, लाकडी फाटकं आणि जिकडेतिकडे मेंढ्या. दर रविवारी साहेब त्या वाटांवर तीस-तीस मैल सायकल हाणायचा. डांबरी रस्त्यावर म्हणे मजाच नाही. चाकाखाली खडी करकरली पाहिजे!

"इथे असे डोंगर नाहीत," साहेबाने उसासा टाकला.

काशीरामचा देशाभिमान उसळून आला. सुपरवायझरची जागा रिकामी होती आणि साहेबाच्या शब्दाला मॅनेजरकडे वजन होतं. त्यामुळे देशाभिमान जरा जास्तच उसळला.

"सर! यू हॅव हिल, वी हॅव हिल! आरे कॉलनी! फुल खडी! आय गो एव्हरी संडे!"

"सायकलवरून?"

"देन? होडीतून?"

साहेबाने त्याचा हात धरून असा हलवला की खांदा निखळायचीच वेळ आली. येत्या रविवारी सकाळी सातला निघायचं ठरलं. साहेब म्हणाला, बायकोलाही बोलाव, डोंगरावर सगळे मिळून खाऊ.

साहेबाची पाठ वळताच ड्रॉइंग विभागातल्या भीमराजने काशीरामला कोपऱ्यात घेतलं. भीमराज त्याचा पंधरा वर्षांचा दोस्त.

"काश्या, तुला सायकल येते?"

"नाही."

"मग रे?"

"अरे, डोंगरात दोनच गोष्टी असतात, चढ आणि उतार. चढावर ढकलत न्यायची, उतारावर नुसतं बसायचं. शिकायचं काय त्यात?"

भीमराजने कपाळावर हात मारला. तरी बिचाऱ्याने तीन संध्याकाळी त्याला मैदानावर नेलं. भीमराज सीट धरून धावायचा आणि काशीराम वर बसून ओरडायचा, "सोडू नको! सोडू नको रे!" तिसऱ्या दिवशी भीमराजने सोडलं. काशीराम सरळ क्रिकेटच्या सामन्यात घुसला आणि यष्टिरक्षकाला घेऊन पडला.

घरी सुगंधा वड्यांचं पीठ मळत होती. तिने नवऱ्याच्या कोपरावरची पट्टी बघितली.

"अवो, तुमका सायकल येता?"

"पुरुषमाणसाला शिकायला लागत नाही. तू कोंबडीकडे लक्ष दे."

सुगंधा गालातल्या गालात हसली आणि पीठ मळत राहिली.

रविवारी सकाळी काशीराम भाड्याची सायकल हातात धरून आरेच्या नाक्यावर साहेबासमोर हजर झाला. हात फिरवून शर्यतीतला घोडा थोपटावा तशी त्याने ती थोपटली. सुगंधा डबे घेऊन रिक्षाने पुढे गेली होती. वरच्या वडाखाली ती थांबणार होती.

नाक्यावरून आत शिरताच पहिला चढ आला. साहेबाने पायडलवर पाय ठेवला. काशीराम ढकलतच राहिला.

"बसत का नाहीस?"

काशीरामचं डोकं अशा वेळी विजेसारखं चालायचं. "सर, माउंटन इज गॉड! गोइंग अप, नो सिटिंग!"

साहेब गंभीर झाला. सायकलवरून उतरला. टोपी काढली. आणि भक्तिभावाने तोही सायकल ढकलू लागला! दीड तास दोघे घामाघूम होऊन खडीतून सायकली ढकलत होते. वाटेत म्हशींचा एक कळप आडवा आला तेव्हा साहेब खुशीत ओरडला, "अगदी आमच्या गावासारखं! फक्त तुमच्या मेंढ्या जरा मोठ्या आहेत!"

वडाखाली पोचल्यावर काशीरामला वाटलं, जिंकलो! खाली पवईचा तलाव चकाकत होता आणि साहेब खूश होता. सुपरवायझरची खुर्ची जवळजवळ दिसायलाच लागली होती. तेवढ्यात साहेबाने पलीकडच्या खडीच्या उताराकडे बोट दाखवलं. उतार थेट खालच्या तबेल्यापर्यंत जात होता.

"खाली जाताना देवाची हरकत नाही ना? चल, आधी एक फेरी मारू, मग खाऊ!"

नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. काशीरामने टांग टाकली. नुसतं बसायचंच तर होतं!

पहिले दहा हात तो खरंच नुसता बसला. मग सायकलला आपला वेग आवडला. खडी चाकाखालून चण्यांसारखी उडायला लागली. दात वाजले, चष्मा नाकावरून कानावर गेला. ब्रेक म्हणून त्याने जे दाबलं ती घंटी निघाली. ट्रिंग ट्रिंग ट्रिंग करत काशीराम धुरी उतारावरून निघाला तो देवीच्या पालखीपुढे नाचणाऱ्यासारखा!

"शाबास!" साहेब मागून ओरडला. त्याला वाटलं, हा शर्यत लावतोय. तोही सुटला.

"बाजूला व्हा! भैया, हटाव! म्हैस हटाव!"

तबेल्याच्या गवळ्याने वर बघितलं, कपाळाला हात लावला आणि स्वतःच हटला. म्हशी जागच्या हलल्या नाहीत. काशीराम दोन म्हशींच्या मधून गेला, चाऱ्याच्या ढिगावर चढला आणि पलीकडच्या पाण्याच्या हौदात धप्पकन पडला. साहेबाने एका रेडकाला वाचवायला सायकल वळवली आणि खडीत लोळण घेतली.

त्याच्या सायकलला ओरखडाही आला नव्हता. साहेबाचा घोटा मात्र बघता बघता नारळाएवढा झाला!

काशीराम हौदात उभा राहिला. डोक्यावर शेवाळ, शेजारी पाणी पिणारी म्हैस. उद्या मशीन सुरू करायचं होतं, मॅनेजर आणि मोठे लोक येणार होते. साहेबच नसला तर? खुर्ची सोडा, नोकरी राहील का?

"रिक्षा?" त्याने गवळ्याला विचारलं.

"बड़े रस्ते पर मिलेगा. दो मील."

साहेब दात आवळून म्हणाला, "धुरी, माझी सायकल घे. पटकन जा!"

आता मात्र काशीरामच्या विजेचा फ्यूज उडाला. तो हौदाचा काठ धरून म्हणाला, "सर... आय नो नो सायकल. आज फर्स्ट टाइम."

साहेबाने घोटा सोडून कपाळ धरलं. इतक्यात सुगंधा डबे घेऊन उतारावरून धावत आली. तिने एकदा घोट्याकडे बघितलं, एकदा हौदाकडे बघितलं. "गप बसा दोघांव," म्हणाली. पदर कमरेला खोचला, साहेबाची सायकल उभी केली आणि त्या मधल्या दांडीखालून पाय घालून, कैची मारत, खडीवरून सुसाट सुटली! तिचा बाप गावचा पोस्टमन. त्याची सायकल हाणून ती वाड्यावाड्यांत पत्रं पोचवायची, हे लग्नाला अठरा वर्षं झाली तरी काशीरामला माहीत नव्हतं. त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

ती परतेपर्यंत साहेबाने डबा उघडून कोंबडी-वडे चाखले. मग चाखता चाखता संपवले. वेदना कमी झाल्या म्हणाला. काशीरामच्या वाट्याला कांदा आला.

अर्ध्या तासाने धुळीचा लोट आला. पुढे सुगंधा, मागे दुधाचा टेम्पो! दोघे पुरुष दुधाच्या कॅनांच्या मधोमध बसून निघाले. साहेब प्रत्येक खड्ड्याला "मिसेस धुरी, ब्रॅव्हो!" असं ओरडत होता.

घोटा नुसताच मुरगळला होता. सोमवारी साहेबाने स्टुलावर पाय ठेवून मशीन सुरू केलं. मॅनेजरला म्हणाला, हा माणूस खोटं फार बोलतो, पण अडचणीत खरं बोलतो. काशीराम सुपरवायझर झाला!

साहेब मायदेशी जाताना आपली काळी सायकल देऊन गेला. मिसेस धुरींना.

आता दर रविवारी धुरी नवराबायको आरेच्या खडीवरून फिरतात. कंपनीत कुणी विचारलं, तर काशीराम खोटं बोलत नाही. "हो तर! आम्ही सायकलवरूनच फिरतो," म्हणतो.

कॅरियरवर कोण बसतं, हे अजून कुणी विचारलेलं नाही.