नंबर बेचाळीसची हजेरी

सणसरचे तात्या धोतराचा काचा मारून, पायाला वांग्याच्या वाफ्यातला चिखल तसाच ठेवून, रोज सकाळी सातला, पोरं यायच्या आधी, माझ्या रिकाम्या शाळेत हजेरी घ्यायचे. "एक्केचाळीस!" असं पुकारायचे, लगबगीनं बस्करावर जाऊन बसायचे आणि "प्रेझेंट सर!" म्हणायचे. मग पुन्हा उठून "बेचाळीस!" पुकारायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. येणारा "प्रेझेंट सर" जाड्याभरड्या आवाजातला असायचा. चौतीस साली मी नवा मास्तर म्हणून तिथं रुजू झालो आणि पहिल्याच दिवशी हे ऐकून दारातूनच मागे फिरलो.

गावाला मात्र त्याचं काहीच वाटत नव्हतं. तात्या पुण्याला कॉलेजात एक टर्म काढून आलेले. युनिव्हर्सिटीचे नियम तोंडपाठ, आणि ते सगळ्या जगाला लागू! बावड्याहून आलेल्या गड्याला ते म्हणाले होते, "तितं दोन वर्सं राबलास, ती टर्म हितं धरतो. पर जुन्या मालकाचा दाखला आण. नियम म्हंजे नियम!" गडी बिचारा खरंच दाखला आणायला चालत गेला.

एकदा मी धीर करून विचारलं, "तात्या, हा बेचाळीस कोण?"

"शेळगावचा रघू. आमी एका खोलीत ऱ्हायचो." तात्यांनी फळा पुसायला घेतला. "आई आजारी म्हून गावी गेला. म्हनला, दोन दिस माझी हजेरी दे. सगळी पोरं एकमेकांची द्यायची, मास्तर. पर नंबर पुकारला आन् माझं तोंडच उघडंना. नियम म्हंजे नियम! दोन दिस कमी भरलं, त्याची टर्म बुडाली."

"मग?"

"माझं चार दिस जादा हुतं. अर्ज केला, त्यातलं दोन रघूच्या नावावर लावा. उत्तर आलं, कॉलेज बदललं तर टर्म संगं नेता येती, पर एकाचं दिस दुसऱ्याला न्हाय लागत. रघू गावी गेला तो गेलाच. त्याच साली पटकीच्या साथीत वारला. मी बी परीक्षेला बसलो न्हाय."

त्यानंतर तात्यांची थट्टा करणं मला जमेना.

पुढं एकदा तात्या तापानं आडवे झाले. त्यांच्या घरच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "आजची हजेरी तेवढी तुमी घ्या, मास्तर. त्यांच्या जिवाला चैन न्हाय."

मी कुरकुरत गेलो. दार लावलं, वर्गात कुणी नाही याची खात्री केली. "एक्केचाळीस!" पुकारलं. तात्या अंथरुणात, म्हणजे गैरहजर. मी पेन्सिल उचलली, तेवढ्यात भिंतीकडून जाड्याभरड्या आवाजात आलं, "प्रेझेंट सर!"

पायात वहाणा न घालताच मी तात्यांच्या घरी पोचलो.

"बेचाळीसची लावली का?" तात्यांनी पडल्या पडल्या विचारलं.

"तो आला होता, तात्या. त्यानं तुमची हजेरी दिली."

तात्यांनी गोधडी तोंडावर ओढली.

"त्याला नियमाचं भ्या कवाच नव्हतं, मास्तर," आतून आवाज आला. गोधडी बराच वेळ हलत होती.

बरे झाल्यावर तात्या शाळेत आले नाहीत. मी मात्र अजून सातलाच दार उघडतो, आणि खोटं कशाला बोलू, थोडा वेळ भिंतीकडे बघत उभा राहतो.