सिद्रामबुवांच्या काचेच्या सनईची हकीकत

श्री नाददेवता साह्य असो. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, एका राज्यांत जें घडलें तें ऐकिलें तैसें लिहितों. पदरचें घालीत नाहीं. घातलेंच तर सुरांत घालूं.

त्या राज्यांत नगारखान्याचे सनईवाले सिद्रामबुवा म्हणोन थोर पुरुष होते आणि नगारखान्यांतील बैठक त्यांजकडे पिढीजात होती. मग बुवांस फुप्फुसाचा विकार जाहला आणि दम तुटला आणि सनईस पुरेल इतकी हवा छातींत राहिली नाहीं. दरबारीं कुजबूज जाहली कीं, आतां ध्वनिमुद्रित सनई लावावी आणि बुवांस घरीं बसवावें. सरकारस्वारींनीं दसऱ्यापावेतों वाजवून दाखविण्याची मुदत दिली. बुवांनीं अन्न टाकिलें. तेव्हां बुवांची सून रेवती, यंत्रविद्येंत परम निपुण, पदर खोचून पुढें सरसावली आणि बोलिली, "मामा, मी मोबाईलवर सनई करते. तुमची नुसती फुंकर पुरे."

मग तिणें आधीं पुठ्ठ्याचा मोबाईल कापिला आणि सासऱ्याचीं बोटें पडतील तेथें वर्तुळें काढिलीं आणि बुवा तो मुका पुठ्ठा हातीं घेऊन बोटें चालवूं लागले आणि सासूबाई हंसून हंसून बेजार जाहल्या. मग खऱ्या मोबाईलाच्या काचेवर तींच वर्तुळें उमटविलीं आणि माइकास बांबूची नळी जोडिली आणि बुवांनीं फुंकर घातली, तों सूर मागाहून आला. बुवा बोलिले, "पोरी, मी समंवर पोचलो, आन् सूर अजून वेशीतच हाय की!" मग तिणें सारी आज्ञावली मोडून पुन्हां लिहिली आणि सूर फुंकरीबरोबर धांवूं लागला. धन्य तिची चिकाटी! परंतु नळींतून बुवांची धापही ऐकूं येई. तो दोष समजोन रेवतीनें त्यास गाळणी लाविली आणि सूर मधासारखा निर्मळ जाहला आणि घरचीं माणसें वाहवा करूं लागलीं. बुवांनीं मात्र वाद्य खालीं ठेविलें आणि त्यांचे डोळां पाणी आलें.

"सूर ग्वाड हाय गं. पर ह्यात मी कुठं हाय? आसं तर ती टेप बी वाजवंल."

रेवती ओशाळली. इतकी शाहणी बाई, परंतु सासऱ्याचा श्वासच केर म्हणोन झाडीत होती. मग तिणें गाळणी काढिली आणि धापेसही जागा दिली. दम थरथरे तेव्हां सूर थरथरे आणि दम तुटे तेव्हां सूर तुटे.

दसऱ्याचे प्रातःकाळीं दरबार भरला आणि बुवांनीं नळी ओठीं लाविली आणि भैरव आळविला आणि ऐन रंगांत दम तुटला. सूरही तुटला. कोणी हंसलें नाहीं. बुवांनीं छाती भरून घेतली, तें भरणें साऱ्या दरबारानें ऐकिलें, आणि मग जो सूर उठला त्यानें टेपेचे कैवारीही मान डोलवूं लागले. सरकारस्वारींनीं पुसिलें, "बुवा, दम लागतो काय?"

"लागतुया, सरकार. म्हंजी हाय अजून."

सारांश, बैठक बुवांकडेच राहिली आणि सुनेस शालजोडी मिळाली. आतां एखादे पहाटेस नगारखान्यांतील सूर मध्येंच तुटतो, तेव्हां राज्यांतील लोक अंथरुणांत श्वास रोखून पडून राहतात. पुन्हां लागला म्हणजे उठतात आणि आपल्या कामास लागतात.