हिल्कानं दिलेले मोजे

"कॉफी निवायच्या आत होकार घेऊन येतो! बघाच तुम्ही!"

भरल्या दुकानात ताउनो असं म्हणाला आणि उठला. बर्फ उपसायचं यंत्र चालवणारा हा विधुर गडी. शाळेत बरोबर असलेल्या हिल्काला लग्नाची मागणी घालायची, असं वर्षभर घोकत होता. हातमोजे फाटके होते, म्हणून ते मुद्दाम घरी ठेवले. फाटक्या मोज्यांनी मागणी कोण घालतो हो?

बाहेर उणे अठ्ठावीस! गोठलेलं तळं ओलांडून हिल्काच्या दारात पोचेपर्यंत हातांचं पार बीट झालं होतं.

"अगंबाई! हे काय हात तुझे?" हिल्का ओरडली आणि त्याला तोंड उघडूही न देता तिनं स्वतः विणलेले हातमोजे त्याच्या हातात कोंबले.

ताउनोला कळायचं ते कळलं. आमच्याकडे मागणी घालायला आलेल्याच्या हातात बाईनं मोजे ठेवले, की संपलं! तोंडानं 'नाही' म्हणायचेही कष्ट नकोत. बिचारा मोजे घेऊन मुकाट्यानं माघारी फिरला.

संध्याकाळी गावच्या सौनात, वाफेत, उघडेबंब बसून विचारविनिमय झाला.

"बोटांचे होते की नुसता अंगठा वेगळा असलेले?" ओन्नी आजोबांनी विचारलं.

"अंगठ्याचे. लोकरीचे."

"मग ते लापासेत, विणलेले. पक्का नकार रुक्कासेतनं, म्हणजे चामड्याच्या मोज्यांनी देतात. लोकरीचा म्हणजे जरा मऊ नकार."

"नकार तो नकार, आजोबा!" ताउनोचा दोस्त रेइनो निखाऱ्यांसारख्या दगडांवर पाणी ओतत म्हणाला. "तू असं कर, मोजे परत देऊन टाक. मोजे गेले की नकारही गेला! पाटी कोरी!"

वाफेत डोकं कुणाचं चालतं? सगळ्यांना हे एकदम पटलं.

दुसऱ्या दिवशी ताउनोनं मोजे हिल्काच्या टेबलावर ठेवले. "हे घे बाई तुझे. मला नकोत."

हिल्का आधी पांढरी पडली, मग लाल झाली. "म्हणजे तू मला नकार देतोस? मी तुला विचारलं तरी होतं का रे?"

"मी? छे! मी कुठं..."

"एवढा मोठा लागून गेलास! न विचारताच नकार? घे!" मोजे थाडकन त्याच्या छातीवर बसले. "नकार द्यायचाच, तर मी देणार!"

"तू कालच दिलास की!" मोजे परत टेबलावर.

"काल? काल तुझी बोटं गळून पडत होती मेल्या!" मोजे परत छातीवर.

"पण मी मागणीच घालायला आलो होतो!"

"मग घातलीस का?"

"तू घालू कुठं दिलीस?"

"आता घाल की!"

"लग्न करशील का माझ्याशी?" ताउनो बेंबीच्या देठापासून ओरडला.

"करीन!" हिल्का त्याच्याहून मोठ्यानं ओरडली.

स्टोव्हवर कॉफी उतू गेली, तरी कुणी हललं नाही. ताउनोचे डोळे भरून आले होते आणि हिल्काचेही.

"आता ते मोजे घाल बघू," ती नाक ओढत म्हणाली. "बोटं राहिली नाहीत तर अंगठी कशात घालू?"

हातात मोजे आणि चेहऱ्यावर हसू, असा ताउनो तळं ओलांडून दुकानात शिरला. सगळ्यांची नजर मोज्यांवर! ओन्नी आजोबांनी तर कुणी गेल्यासारखी टोपीच काढली. कुणीतरी दालचिनीचा पाव त्याच्यापुढे सरकवला.

"अरे, ती हो म्हणाली!" ताउनो ओरडला.

रेइनोनं हळुवारपणे त्याच्या पाठीवर हात ठेवला. "हो रे बाबा, हो म्हणाली. पहिल्या धक्क्यात माणसाला असंच ऐकू येतं."

"अरे, खरंच!"

"बरं बरं. तू कॉफी पी," रेइनो म्हणाला आणि खिशातून कंगवा काढून केस विंचरू लागला. "ती आत्ता घरीच आहे ना?"