ऐंशी किलोचे डोमाजी

दर शुक्रवारी सकाळी डोमाजी धानाच्या काट्यावर चढतात. चढण्याआधी शर्ट काढतात, चपला काढतात. कमरेची किल्ली, मोबाईल आणि तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी माझ्या हातात देतात. मग श्वास रोखून उभे राहतात. तीनेक वर्षांपूर्वीचा असाच एक शुक्रवार.

"वाचा सर."

"ब्याण्णव."

"बारदाना कापा."

बारदाना म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन; इथे अंगात उरलेला पायजमा. तो अर्धा किलो कापून होतो न होतो तोच पुढचा हुकूम येतो. "आता ओलावा कापा. सकाळी दोन तांबे पाणी पेलो."

"अहो, माणसात कुठे ओलावा कापतात?"

"धानात कापते, मंग माणसावर अन्याव काहून?"

सानगडीजवळच्या आमच्या गावात डोमाजी धान खरेदीच्या गोदामावर मापारी आहेत. जन्म गेला दुसऱ्यांची पोती तोलण्यात. मी इथल्या शाळेत मास्तर आणि त्यांचा शेजारी. सहा वर्षांपूर्वी मला पहिल्यांदा काट्याजवळ नेलं त्याचं कारण साधं होतं. तेव्हा ते एकशे तीन किलो होते आणि पोटापलीकडचा आकडा त्यांना दिसत नव्हता. त्यांना ऐंशीवर यायचं होतं. एक्याऐंशीसुद्धा चालणार नव्हते. ऐंशीच का, हे मात्र सांगत नसत. फार खोदून विचारलं तर म्हणत, "काटा खरा बोलते सर, पण पुरं नाही बोलत," आणि पुडी परत मागत.

वजन उतरवण्यातला मीही जुना जाणकार आहे. दर पोळ्याला सुरू करतो आणि गणपती बसायच्या आत आटोपतो. धावायला घेतलेले बूट सध्या शाळेत घालतो. त्यामुळे डोमाजीही महिनाभराचे पाहुणे, असं मी धरून चाललो होतो.

त्यांनी पहिल्याच दिवशी भात सोडला. आमच्या भंडाऱ्याकडे पोळी म्हणजे भात येईपर्यंत वेळ घालवायचा प्रकार. त्यांच्या पत्नीला, चंद्रकलावहिनींना, वाटलं, यांचं आपल्या हातच्या रांधण्यावरून मन उडालं. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर डोमाजी परातभर पोहे घेऊन बसले होते.

"हा भातच नाही का?"

"हाऽ! भात गोल रायते सर. हा चपटा आहे."

खरी पंचाईत झाली शेजारच्या लग्नात. पंगतीत डोमाजींनी बुंदीवर आडवा हात धरला. वाढणारा थबकला, पंगत थबकली. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत गोडाला नाही म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो नाही तर रुसलेला, आणि डोमाजी चांगले टुणटुणीत दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा बाप गावातली पाच शहाणी माणसं आणि बुंदीचा डबा घेऊन दारात हजर. "आमचं काय चुकलं डोमाभाऊ? पत्रिका द्याले लहान पोरगा पाठवला म्हणून राग आला का?" डोमाजींनी आईची शपथ घेतली, काटा दाखवायला चला म्हणाले. कोणी ऐकेना. शेवटी राग नाही हे सिद्ध करायला त्यांना पाच माणसांसमोर अर्धा डबा संपवावा लागला. समेट झाला, वजन वाढलं.

एका वर्षी दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, सुरू झाल्या. मंडई म्हटली की पाहुणे, पाहुणे म्हटले की वडे. त्या शुक्रवारी काटा ब्याण्णववरून पंचाण्णववर गेला. मी दबकत आकडा वाचला. डोमाजी उतरले, शर्ट घातला, म्हणाले, "चला, आता तीन जास्ती उतरवाचे." आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा दारात उभे. मला हे जमलं नसतं. पंचाण्णव झालो असतो तर मी काट्याचा रस्ताच बदलला असता. हा माणूस इतकी वर्षं चढला, उतरला, पण एक शुक्रवार चुकवला नाही. शेवटी आकडा त्यांना स्वतःलाच दिसू लागला, तरी मला न्यायचे. एकट्याने वाचलेला आकडा खरा वाटत नाही म्हणायचे.

गेल्या थंडीत ते त्र्याऐंशीवर येऊन अडले. दोन महिने काटा हलेना. मी सहज बोलून गेलो, "पुरे आता. ऐंशी काय अन् त्र्याऐंशी काय!"

डोमाजी पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "तीन किलोनं डोंगा बुडते सर," म्हणाले, आणि मग ओट्यावर बसून सगळं सांगितलं.

त्यांचे थोरले भाऊ किसनदादा. सत्तरी उलटली, तरी रोज सकाळी तलावात जाळं टाकतात. एकाच खोडातून कोरलेली होडी, म्हणजे डोंगा; तो वडिलांच्या हातचा. दादांची नजर गेल्या काही वर्षांत उतरत चालली आहे. जाळं कुठे टाकायचं ते त्यांचे हात जाणतात, पण पाण्यातले खुंट दिसत नाहीत. दोनदा डोंगा उलटता उलटता राहिला.

"सोबत माणूस देतो म्हटलं, त म्हणते, मी आंधळा झालो का? कोणालेच बसू देत नाही. पण लहाना भाऊ बसला त तो सोबत नाही होत ना सर, तो लहाना भाऊच होते. त्या डोंग्यात दादासोबत ऐंशी किलोच मावते. मी धानाचे कट्टे-पोते ठेवून पाहून घेतलं आहे."

सहा वर्षं मी या माणसाची थट्टा करत होतो, याची मला लाज वाटली.

होळीच्या आधीच्या शुक्रवारी काट्यावर ऐंशी आले. ना बारदाना कापला, ना ओलावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मीही तलावाच्या पाळीवर गेलो. डोमाजी हळूच डोंग्यात दादांसमोर बसले. दादांनी डोंग्याच्या काठावरून पाण्यापर्यंत हात उतरवून पाहिला. चार बोटं जागा उरली होती.

"कायले आला रे?"

"असाच. फिराले."

डोंगा निघाला. मी पाळीवरून पाहत होतो. जरा आत गेल्यावर समोरच पाण्यातून एक काळा खुंट वर आलेला दिसला. दादा सरळ तिकडेच वल्हवत होते. मी ओरडणार, एवढ्यात डोमाजींचा लाडिक आवाज आला.

"दादा, डावीकडं घे ना. मले तिकडचे कमळं पाहाचे आहेत."

"साठीले आला, तरी हट्ट जात नाही तुया!" दादा करवादले आणि त्यांनी डोंगा डावीकडे वळवला.

तिकडे एकही कमळ नव्हतं.