पुढल्या शून्यांची कत्तल

अंकांचा धनी जो गणराय, त्यास नमन करून घडले तैसे लिहितो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी राज्यात जुने दफ्तर मोडून नवे करावे ऐशी मसलत जाहली आणि त्या कामी रूपांतरखाना उभारिला. जुना अंक एका दाराने आत जावा, चाळणीतून उतरावा आणि नव्या रूपाने दुसऱ्या दाराने बाहेर यावा, ऐसा तेथील कारभार. कारभारी शिवदासपंत, मोठे हुशार, त्यांनी पाहिले की कित्येक अंकांच्या पुढे शून्ये चालतात. पंत हसून बोलिले की, हे बिनहत्यारी शिपाई, मोल काडीचे नाही आणि जागा मात्र खातात. मग चाळणीस हुकूम जाहला आणि पुढली शून्ये सरसकट कापिली, आणि दफ्तर सडपातळ दिसो लागले म्हणून हुजूर बहुत संतोष पावले.

परंतु त्या राज्यात बाळंतखान्याची चाल निराळी. बारसे होईतो मुलास नाव नाही, पायात अंकाची पट्टी, आणि मूल जितके महिने आधी आले तितकी शून्ये अंकापुढे लिहीत. शून्य पाहून दाया त्यास काचपेटीत उबेला ठेवीत. शून्य नाही ते मूल आईजवळ देत. मैनाबाई म्हणून शिलेदाराची स्त्री, तिचे मूल दोन महिने आधी आले, अंक ००४१. कान पाकळीसारखे दुमडलेले, खांद्यावर लव, रडणे म्हणावे तर मांजराच्या पिलाएवढे. हात लावण्याची मनाई, म्हणून मैनाबाई काचेस गाल लावून बसत. मग नव्या दफ्तरातून याद आली की, अंक ४१, मूल भरल्या दिवसांचे, मातेस द्यावे. ऐशा यादी बहुतांच्या आल्या, आणि पट्ट्या बदलिल्या, आणि रिकाम्या पडलेल्या कित्येक पेट्या दूरच्या परगण्यात धाडिल्या.

भागूबाई दाईने मूल आणून ओटीत घातिले. मैनाबाईंस आधी रडू फुटले, आणि मग त्यांनी मुलाचा तळवा गालास लाविला, तो गार, आणि ओठ जांभळे, आणि श्वास ऐसा की येतो, थांबतो, आणि ऐकणाराचाही थांबतो. त्या म्हणाल्या, "भागूबाई, याला परत पेटीत ठेवा."

सासूबाई शेजारी होत्या, त्या चिडल्या. "सूनबाई, कालवर मांडी रिकामी म्हणून रडलीस. आज देव पदरात घालतो तर नको म्हणतेस?"

"देव नव्हे आत्याबाई, रूपांतरखाना घालतो आहे."

दाईस भय पडले. ती म्हणो लागली की, बाई, दिसते मलाही, पण दफ्तराच्या हुकमावाचून पेटीखाली विस्तव घालता येत नाही, आणि हुकमात शून्य नाही.

मग मैनाबाईंनी मूल चोळीच्या आत उराशी बांधिले, वरून घोंगडी घेतली, आणि ओली बाळंतीण कचेरीची वाट चालली, आणि थांबून थांबून मान खाली घालून श्वास ऐके, आणि ऐकू आला की पुढे पाऊल टाकी. पंत प्रथम म्हणाले की, दफ्तर चुकत नाही. मैनाबाईंनी घोंगडी बाजूस केली. "पंत, हात लावून पाहा." पंतांनी बोट लाविले आणि तोंडचे पाणी पळाले. तात्काळ हुकूम जाहला, शून्ये परत लिहा. तेव्हा खरे भय उभे राहिले, की कोणापुढे किती होती हे चाळणीने राखिलेच नव्हते. मग पंत स्वतः बाळंतखान्यात गेले आणि एकेकीस पुसत चालले, आणि आया महिने सांगत गेल्या, आणि विस्तव पेटत गेले, आणि मैनाबाईंचे मूलही आत निजविले. शेवटास एक मूल राहिले, त्याची आई बाळंतपणीच निवर्तली होती. दाईस आठवेना, पट्टीवर नुसता अंक, आणि पंत लेखणी धरून उभे की याचे काय लिहू. मैनाबाईंनी त्याचा पाय मुठीत घेतला.

"लिहिणे मागाहून करा, पंत. आधी ऊब द्या."

पेटी एकही उरली नव्हती. मग मैनाबाईंनी ते मूल आपल्याच चोळीत घातिले आणि भिंतीस टेकून बसल्या.

येणेप्रमाणे शून्यांचे पारिपत्य जाहले आणि राज्याचा जीव टांगणीस लागला. मैनाबाईंचे मूल जगले. त्या पोरक्या मुलाच्या अंकापुढे काय लिहावे हे आजवर ठरले नाही. परंतु मैनाबाई पुढे दोन पाळण्यांच्या मधे निजत, ऐसे लोक सांगतात.