दिगंबररावांचा शुक्रवार

दर शुक्रवारी सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून दिगंबरराव हाऊस म्युझिक ऐकायला बसतात. क्लबात पोरं नाचतात ते, एकसारखं धप-धप चालणारं संगीत. नवी गाणी बहुधा शुक्रवारीच निघतात, म्हणून त्या दिवशी ते पडेगाव सोडत नाहीत. सख्ख्या भाचीचं लग्न शुक्रवारी निघालं, तर अक्षता टाकून न जेवताच परत आले.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, खुलताबादकडे वडिलोपार्जित जमीन असलेला हा सत्तरीचा गृहस्थ माझा शेजारी. त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं कॉलनीत म्हणतात. ही बातमी बरीचशी मीच पसरवली. आता माझंही वय झालं, ती दुरुस्त करावी म्हणून लिहितो.

पहिल्यांदा त्यांनी मला समोर बसवून शिकवलं ते आठवतं.

"गुरुजी, हे अंडरग्राउंड हाय. सिनेमातलं नाय."

"म्हणजे काय?"

"भुईमुगासारखं. वरून काय दिसत नाय, माल सगळा खाली."

मग डोळे मिटून, बोट वर करून ते कालव्याचं काम सुरू करतात. "ताल थांबला बघा. गेट बंद केलंय. पाणी तुंबतंय... तुंबतंय... सोडलं." आणि खरोखरच त्या क्षणी ढोल कोसळतो आणि आमच्या घरातली काचेची कपाटं हलतात. वेळेआधी गेट उघडणाऱ्या कलाकाराची त्यांना काळजी वाटते. रिमिक्सबद्दल विचारलं तर म्हणतात, "ज्वारी तीच. काल भाकर होती, आज धपाटं."

स्पीकर त्यांनी गुलमंडीतून आणला. दुकानदाराने कौतुकाने विचारलं, "चच्चा, शादी है क्या घर में?"

"शादी नाय. अभिप्राय द्यायचा हाय," दिगंबरराव म्हणाले.

ते खरंच होतं. या धंद्यात गाणं बाजारात यायच्या आधी निवडक डीजे लोकांना ईमेलने पाठवतात. अट एकच, ऐकून अभिप्राय लिहायचा, मगच ते उतरवून घेता येतं. दिगंबररावांचा मुलगा प्रशांत डीजे होता. तो घर सोडून गेला, पण त्याचा कंप्यूटर राहिला, आणि त्यावर गाणी येत राहिली. बाकीचे डीजे घाईत 'छान' एवढं टाकून मोकळे होतात. दिगंबरराव खात्याच्या इंग्रजीत लांबलचक पाहणी अहवाल पाठवतात. परदेशातल्या एका कंपनीने तर जाहिरातीत छापलं, 'गेट योग्य वेळी उघडले आहे. - डीजे दिगंबर, पडेगाव.' ते वाचून गोव्याच्या एका क्लबाचा फोन आला, आमच्याकडे वाजवाल का म्हणून.

"किती वाजता?"

"बाराला सुरू करू, सर."

"दुपारच्या ना? रातच्याला मी नऊलाच झोपतो."

ही गोष्ट मी कॉलनीभर तिखटमीठ लावून सांगितली. लोक हसले, मीही हसलो. एक गोष्ट मात्र मी कधी सांगितली नाही.

प्रशांत घरी असताना दिगंबरराव या संगीताला डबडं बडवणं म्हणायचे. एक दिवस वैतागून त्यांनी मला विचारलं, काय करू गुरुजी या पोराचं. मास्तरकीमुळे मला सल्ला द्यायची खोड. म्हणालो, घराबाहेर काढा, चार दिवसांत डोकं ठिकाणावर येईल. त्यांनी काढलं. प्रशांत पुण्याला गेला, तिथून पुढे कुठे, कुणाला ठाऊक नाही. आईला अधूनमधून फोन करतो. 'माझी गाणी आता निघतात' म्हणतो, पण कोणत्या नावाने ते सांगत नाही. या धंद्यात टोपणनावंच फार. 'बाबांना कळलं तर ऐकतील आणि काहीतरी बोलतील,' एवढंच म्हणाला.

गेल्या महिन्यात दिगंबररावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघायला मनाई केली. शुक्रवारी वहिनी मला बोलवायला आल्या. मी गाणं लावायचं, ते सांगतील ते लिहायचं, असं ठरलं.

पहिली दोन बरी होती. तिसरं बेल्जियमच्या कुणाचं तरी. पत्र्यावर कुणी खुर्ची ओढावी तसा आवाज, आणि गेट नावाची वस्तूच नाही.

"हे अगदीच भिकार आहे. तसंच लिहू का?" मी म्हणालो.

"हळू बोला, गुरुजी." डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीआडून त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "त्याचं असलं तर?"

"अहो, हा माणूस बेल्जियमचा आहे."

"नाव बेल्जियमचं हाय. माणूस कुठला, ते तुम्हाला ठाव हाय का?"

मी पुन्हा कीबोर्डकडे वळलो.

"लिहा. प्रयत्न धाडसी आहे, पाया मजबूत आहे, पुढील कामास शुभेच्छा." मी इंग्रजी करून लिहिलं. "आता खाली एक ओळ मराठीत."

"यांना मराठी कुठून कळणार?"

"कळंल ज्याला कळायचं त्याला. सगळ्यांनाच लिहितो मी."

ते सांगत गेले, मी एकेक अक्षर शोधत टंकत गेलो. वहिनी चहा घेऊन दारातच थांबल्या होत्या. मग बटण दाबलं, आणि बेल्जियममधल्या त्या अनोळखी माणसाला कळवून टाकलं, की आईचा गुडघा आता बरा आहे, काळजी करू नकोस, वेळेवर जेवत जा.